सोलापुरात गंजेडी दोस्तांचा पिक्चर काढायचाय? मग आधी एवढं वाचा

रात्रीचा दीड वाजलेला असतो. कंबर तलावाच्या कठड्यावर चौघं बसलेले असतात. एकाचं नुकतंच ब्रेकअप झालेलं असतं, बाकीचे तिघं त्याची समजूत काढता काढता भलत्याच विषयावर घसरलेले असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "यावर पिक्चर निघतो बे!"

निघतो. आम्ही काढला. ९४ मिनिटांचा, सतरा दिवसांच्या शूटिंगचा, आणि सगळं धरून तीन वर्षं खाणारा. त्यातलं दीड वर्ष निव्वळ आमच्या अज्ञानात गेलं. कुणी आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं, म्हणून हे लिहितोय. आमच्यातला कुणीही फिल्म इन्स्टिट्यूटला गेलेला नाही. मी टॉवेलच्या धंद्यातला, कॅमेरावाला लग्नाच्या ऑर्डरी करणारा, आणि हिरो बँकेत क्लार्क. जेऊरचा नागराज मंजुळे जगभर जाऊन आला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून पिक्चर निघत नाही असं आता कुणी म्हणू नये.

१. गोष्ट: धूर कमी, माणसं जास्त

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या चुका पैसे टाकून निस्तरता येतात, ही नाही.

आमचा पहिला खर्डा १२० पानांचा होता. त्यात अडतीस प्रसंगांत कुणी ना कुणी चिलीम ओढत होतं. आम्हाला वाचताना हसू आवरत नव्हतं. राज्य नाट्य स्पर्धेत आयुष्य घालवलेल्या एका काकांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमची पात्रं नशेत आहेत रे, पण प्रेक्षक शुद्धीवर बसलेला असतो."

त्या वाक्यावर आम्ही सहा महिने काम केलं. नशा स्वतः विनोदी नसते. नशेत माणूस क्षुल्लक गोष्टीला डोंगराएवढी करतो आणि डोंगराएवढीकडे बघतही नाही, तिथे विनोद सापडतो. आमच्या पिक्चरमधला सगळ्यात जास्त हशा मिळवणारा प्रसंग बघा. हिरोची मैत्रीण पुण्याला नोकरीला निघालीये. जाण्याआधी ती त्याने दिलेली सोलापुरी चादर परत करते. धुऊन, घडी घालून. आता चौघं गच्चीवर त्या चादरीभोवती बसलेत आणि वाद पेटलाय:

"धुऊन दिली म्हणजे संपलं बे. न धुता दिली असती तर चान्स होता."
"धुतली म्हणजे काळजी आहे की!"
"इस्त्री केलीय का बघ. इस्त्री असली तर आईनं धुतलीय."

सात मिनिटांचा प्रसंग आहे. त्यात एकदाही कुणी काही ओढताना दिसत नाही. आणि चौघं चादर हुंगत बसतात, निघायला उशीर होतो, आणि पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस तिला घेऊन निघून जाते. विनोदही तिथेच, दुःखही तिथेच.

तुमच्या खर्ड्याची परीक्षा अशी घ्या: गांजाचा उल्लेख असलेली प्रत्येक ओळ पेन्सिलीने खोडा. उरलेली गोष्ट उभी राहते का? राहत नसेल तर शूटिंगची तारीख काढू नका. यातच पुढचा निम्मा त्रासही वाचतो. पोलीस, सेन्सॉर, पोस्टर, घरचे लोक, सगळ्यांच्या अडचणी धुराच्या प्रमाणात वाढतात.

मुलीबद्दल एक. तिला खलनायिका करू नका. चार पोरांनी लिहिलेल्या गोष्टीत सोडून जाणारी मुलगी नेहमी पैशावर भाळलेली निघते, हे आम्हीही केलं होतं. मग आमच्यातल्या एकाच्या बहिणीने विचारलं, "तुमच्या हिरोबरोबर राहायचं एक कारण सांगा." कुणालाच सांगता येईना. त्या रात्री तिचे तीन प्रसंग नव्याने लिहिले.

आणि भाषा. "काय करलालास बे?" हे "काय करतोयस रे?" करू नका. शहराच्या पूर्व भागातला, यंत्रमागांच्या वस्तीतला मित्र फोनवर आईशी तेलुगू बोलतो, दुसऱ्याची आजी कानडीतून शिव्या घालते, तिसरा दखनीतल्या "हौ" आणि "नक्को" शिवाय बोलत नाही. एका गच्चीवर चार भाषा ऐकू येणं ही आपली रोजची गोष्ट आहे आणि ती फुकट मिळते. सोलापुरी बोलीला पुण्याची इस्त्री मारली की पिक्चर मेला.

२. कागदपत्रं: मैत्री आहे म्हणूनच लेखी

हे भाग कंटाळवाणे असतात, पण आमचा सगळ्यात मोठा खड्डा इथेच होता. शूटिंगच्या आधी एका फाइलमध्ये एवढं हवं:

- पटकथेची नोंदणी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ती ऑनलाइन होते.
- पिक्चरच्या नावाची नोंदणी. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. नाव आधी तपासा, पोस्टर नंतर करा.
- प्रत्येक कलाकाराशी, लेखकाशी, संगीतकाराशी, कॅमेरावाल्याशी करार. १०० रुपयांच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ ला संपले, आता ५०० चा लागतो.
- जागामालकांची लेखी संमती, तारखांसह.
- ज्या खऱ्या ब्रेकअपवरून गोष्ट सुचली, त्यातल्या दोघांचीही संमती. कायदा काय म्हणतो ते सोडा, शहर लहान आहे. आम्ही मुलीला खर्डा वाचायला दिला. तिने दोन गोष्टी बदलायला लावल्या, आणि दोन्ही बदलांनी पिक्चर सुधारला.

आता खड्डा. आमच्या संगीतकार मित्राशी एका पानाचा करार होता: "गाण्यांचे हक्क निर्मात्याला दिले." बस. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे पाच वर्षांनी आमच्याच पिक्चरमधलं गाणं आमचं नाही, आणि दुबईत दाखवायचं तर आजही नाही. वकिलाने हे सांगितलं तेव्हा मित्र परगावी स्थायिक झाला होता. सही मिळाली, पण चार महिन्यांनी. तुम्ही मुदत, प्रदेश आणि मोबदला हे तीन शब्द प्रत्येक करारात असल्याशिवाय सही घेऊ नका.

शासनाचं अनुदान मराठी चित्रपटांना मिळतं, पण ते पिक्चर पूर्ण झाल्यावरची गोष्ट आहे. बजेटमध्ये धरू नका.

३. तारखा: दाते पंचांग, नळ आणि गड्डा

सोलापुरात चांगला कॅमेरा कुणाकडे असतो? लग्नं शूट करणाऱ्यांकडे. आणि ते कधी मोकळे असतात? मुहूर्त नसेल तेव्हा. दाते पंचांग आपल्या गावातूनच निघतं. त्यातल्या विवाहमुहूर्तांच्या तारखा लाल पेनाने खोडा. जे उरेल ते तुमचं वेळापत्रक. मुहूर्ताच्या दिवशी दुप्पट भाडं देऊनही कॅमेरा मिळत नाही, आणि मिळाला तर चालवणारा मिळत नाही.

धुंधुरमासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, लग्नं कमी असतात आणि हवाही थंड असते. पण संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानावर गड्डा भरला की शहरभर गर्दी, लाउडस्पीकर, आणि पोलीस बंदोबस्तात. त्या दिवसांत परवानगीचा अर्ज घेऊन गेलात तर समोरचा तुमच्याकडे बघणारही नाही. म्हणून मध्य डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा एवढी फट धरा. मार्चनंतर बाहेरचं शूटिंग डोक्यातून काढा. पत्र्याच्या शेडमध्ये आमचा मेकअप नव्हे, नटच वितळला.

तिसरी गोष्ट बाहेरगावच्या लोकांना कळणार नाही: नळाचा दिवस. इथे पाणी रोज येत नाही, तीन-चार-पाच दिवसांआड येतं. ज्याच्या घरी पाणी, तो त्या दिवशी शूटिंगला उशिरा येणार. आम्ही कॉल शीटवर (कुणी किती वाजता यायचं त्या रोजच्या कागदावर) प्रत्येकाच्या पेठेचा पाण्याचा दिवस लिहायला लागलो तेव्हापासून वेळेवर सुरुवात झाली.

४. जागा आणि परवानग्या

पहिला नियम: फुकट आणि खासगी जागा आधी. आमच्याकडे एक गच्ची, एक बंद पडलेला यंत्रमागाचा कारखाना, एक जुनी ओम्नी आणि एक चहाची टपरी होती. नव्वद टक्के पिक्चर तिथेच घडतो.

रस्त्यावर कॅमेरा लावायचा तर महापालिका आणि पोलीस आयुक्तालय, दोन्हीकडे अर्ज. राज्य शासनाची एक खिडकी योजना ऑनलाइन आहे, तिथून करा. अर्जासोबत पटकथेचा सारांश लागतो. त्यात "चार गांजा ओढणारे मित्र" असं पहिल्याच ओळीत लिहू नका. खोटंही लिहू नका. "प्रेमभंग झालेल्या मित्राला सावरणाऱ्या तीन तरुणांची विनोदी कथा, व्यसनाच्या संदर्भासह" असं आम्ही लिहिलं. साहेबांनी "व्यसनाच्या संदर्भासह" वर बोट ठेवलं, आम्ही प्रसंग वाचून दाखवले, चादरीच्या प्रसंगाला ते हसले, आणि काम झालं.

काही जागांचं वेगळं असतं:

भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. महापालिकेची परवानगी तिथे चालत नाही. शुल्क आणि वेळ दोन्ही आपल्या आवाक्याबाहेर. किल्ला लांबून, रस्त्यावरून दाखवा.

रेल्वे स्टेशनची परवानगी मध्य रेल्वेची. आम्ही स्टेशन दाखवलंच नाही. ओम्नी स्टेशनच्या वाटेवर बंद पडते आणि लांबून गाडीचा भोंगा ऐकू येतो. खर्च वाचला आणि प्रसंगही जास्त लागला.

ड्रोन: होटगी रोडचा विमानतळ शहराला चिकटून आहे. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या ऑनलाइन नकाशावर आपली जागा लाल, पिवळी की हिरवी हे बघितल्याशिवाय काहीही उडवू नका. खरं तर ड्रोनच नको. ब्रेकअप झालेला माणूस आकाशातून मुंगीएवढा दिसण्यात काय गंमत आहे ते मला अजून कळलेलं नाही.

जनावर: हा सापळा कुणालाच माहीत नसतो. आमच्या एका प्रसंगात हिरो म्हशीला मन मोकळं करतो. पिक्चरमध्ये जनावराचा वापर असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी लागते, शूटिंगच्या आधी. मंडळ हरियाणात बल्लभगढला. नंतर सेन्सॉर त्याचं ना हरकत प्रमाणपत्र मागतं. घरचा कुत्रा असला तरी सुटका नाही. आम्ही प्रसंग आधीच शूट केला होता, तो कापावा लागला. आता हिरो त्याच भावना बंद पडलेल्या यंत्रमागाला सांगतो.

५. सेटवर खरा माल नको. नाही म्हणजे नाही

"खरं ओढलं की अभिनय खरा येतो" असं म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला दोन उत्तरं द्या.

पहिलं कायद्याचं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा आहे. गांजा एक किलोपर्यंत असला तर त्याला अल्प मात्रा म्हणतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही. आणि कलम २५ प्रमाणे, माहीत असून आपली जागा यासाठी वापरू देणारा मालकही अडकतो. म्हणजे ज्या मित्राच्या वडिलांनी भोळेपणाने गच्ची दिली आणि ज्या मावशींनी सतरा दिवस शेंगाचटणी-भाकरी खाऊ घातली, त्यांच्या दारात पोलीस आणायचे का?

दुसरं कलेचं. नशेतला नट नशेत असल्यासारखा दिसत नाही, झोपाळू दिसतो. संवाद विसरतो, कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ) घालवतो आणि स्वतःच्याच विनोदावर हसतो. नशेतला माणूस आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायची धडपड करतो, ती धडपड करायला सांगा. तालमीत आम्ही एकच सूचना द्यायचो: "तुला पोलीस साहेबांना पत्ता सांगायचाय आणि तू एकदम नॉर्मल आहेस." बास.

सामान म्हणून वाळलेली कसुरी मेथी दिसायला उत्तम, पण फक्त दिसायला. पेटवून ओढायची नाही. आमच्या एकाला इतका ठसका लागला की त्या दिवशी पॅकअप करावं लागलं. ओढायचंच असेल तर तंबाखू नसलेली हर्बल सिगारेट, तीही दोन-तीन टेकपुरती. धूर हवा तर फ्रेमबाहेर धूप लावा आणि मागून लाइट टाका. आणि सेटवर परवानगीच्या पत्राची प्रत एका जबाबदार माणसाच्या खिशात कायम ठेवा. रात्री गच्चीवर धूर आणि चौघं, शेजाऱ्यांनी फोन करायला एवढं पुरतं.

६. कॅमेऱ्यापेक्षा आवाज

प्रेक्षक अंधुक चित्र माफ करतात, न कळणारा संवाद नाही. आणि विनोदी पिक्चरमध्ये एक शब्द गेला की हशा गेला. पैसे कमी असतील तर लेन्स स्वस्तातली घ्या, पण माईक आणि तो सांभाळणारा माणूस चांगला घ्या.

पूर्व भागात शूटिंग करणार असाल तर रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, दिवसा, संध्याकाळी आणि रात्री, तीन वेळा जा. आम्ही रविवारी दुपारी गेलो, शांतता बघून खूश झालो. मंगळवारी युनिट घेऊन पोहोचलो तर तिन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट. अर्धा दिवस वाया. शेवटी शेजारच्या कारखानदारांना भेटून त्यांच्या सुट्टीच्या वेळा विचारल्या, आणि वेळापत्रक त्याप्रमाणे फिरवलं.

शहाबादी फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यावर आपल्याकडे जगातला सगळ्यात सोपा उपाय आहे: चादरी. भिंतींवर, दारावर, कॅमेऱ्यामागे सोलापुरी चादरी टांगा, फरशीवर टॉवेल अंथरा. मुंबईचा साउंडवाला आला होता, तो फोटो काढून घेऊन गेला. प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता शांत आवाज रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला सोनं असतं.

कॅमेऱ्याचं एवढंच: २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

७. टपरीवरचं गाणं

ब्रेकअपच्या प्रसंगात मागे रेडिओवर जुनं दर्दभरं गाणं. प्रत्येकाला हे सुचतं. आम्ही शूटच तसं केलं, गाणं टपरीवर खरंच वाजत होतं आणि संवादात मिसळलं. परवानगीचे आकडे ऐकून बसलोच. "दहा सेकंद चालतं" ही अफवा आहे, असा कुठलाही नियम नाही. तो प्रसंग पूर्ण डब केला आणि मित्राने स्वतः रचलेलं एक रडकं गाणं टाकलं. सेटवर गाणं वाजू देऊ नका, नंतर टाका.

८. सेन्सॉर

अर्ज ऑनलाइन, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. मराठी पिक्चरसाठी मुंबई कार्यालय. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग अर्ज करणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यात जाऊ नका. दोन-अडीच महिने हातात ठेवा.

२०२४ च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचा) चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. आपल्यासारखा विषय यूए १६+ किंवा ए (फक्त प्रौढांसाठी) मध्ये जातो. ए मिळालेला पिक्चर टीव्हीवर तसाच जात नाही, तेव्हा कशासाठी भांडायचं ते आधी ठरवा. मार्गदर्शक तत्त्वांत अमली पदार्थांना उत्तेजन देणारं, समर्थन करणारं किंवा त्यांचं आकर्षण वाढवणारं दृश्य नको असं स्पष्ट आहे. कमिटी पिक्चर बघते तेव्हा तुम्हाला आत बसता येत नाही, नंतर बोलावतात. तेव्हा चिडू नका. आम्हाला विचारलं, "हे लोक मजेत दिसतात का?" मी म्हणालो, "मॅडम, हे लोक गाडी चुकवतात, मुलगी गमावतात आणि शेवटी चादर पण हरवतात." दोन कट मिळाले.

बिडी-सिगारेट दिसली की तंबाखूविरोधी नियम लागू होतात: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांच्या जाहिराती, २० सेकंदांची निवेदनं, आणि दृश्य चालू असेपर्यंत खाली ठळक सूचना. चादरीच्या प्रसंगात ती पट्टी आली असती तर लोकांनी तीच वाचली असती. हर्बल सिगारेटही पडद्यावर सिगारेटच दिसते. ब्रँड दिसता कामा नये. आणि पोस्टरवर, ट्रेलरमध्ये कुणाच्या हातात बिडी नको. आमचं पहिलं पोस्टर नेमकं तेच होतं, छापून झालेलं. पाचशे प्रती रद्दीत गेल्या. ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र लागतं, हेही तेव्हाच कळलं.

९. दाखवायचा कुठे

महोत्सवांना आधी पाठवा. तिथे सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळण्याची सोय असते. पण आधी यूट्यूबवर टाकलात तर अनेक महोत्सव दारातूनच परत पाठवतात. थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी पिक्चरची डिजिटल प्रत) बनवून घ्यावी लागते, मुंबई-पुण्यात होते. गावात हुतात्मा स्मृती मंदिरात खेळ लावायचा तर तिकीट नसलं तरी प्रमाणपत्र हातात हवं, तारीख नाटकांच्या आधी पकडा, आणि तिथला प्रोजेक्टर आदल्या दिवशी स्वतःच्या फाइलवर चालवून बघा. पेन ड्राइव्ह दोन न्या. आमचा पहिला त्या मशीनने ओळखलाच नाही, आणि दुसरा हिरोच्या बँकेच्या ड्रॉवरमध्ये होता.